जुनं ८०८५ किट: वीज देण्याआधी ईप्रॉम वाचा

आज ८०८५ च्या ट्रेनर किटबद्दल बोलू. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा डिग्री केली, त्यांना ते आठवत असेल. उघडा बोर्ड, कॅल्क्युलेटरसारख्या कळा आणि सहा लाल आकडे. इंटेलचं एसडीके-८५ हे या जातीचं प्रसिद्ध किट. प्रोसेसरचा वेग ३.०७२ मेगाहर्ट्झ आणि रॅम फक्त २५६ बाइट. रीसेट दाबलं की समोर ‘- ८०८५’ उमटतं.

हे उमटवतो कोण? मॉनिटर प्रोग्रॅम. कळ ओळखणं, आकडे दाखवणं, तुमचा प्रोग्रॅम चालवणं ही सगळी कामं तोच करतो. तो गेला तर बाकी सगळे चिप ठणठणीत असूनही बोर्ड मुका. एसडीके-८५ च्या पुस्तिकेत हा प्रोग्रॅम छापलेला आहे. पण आपल्याकडे बनलेल्या अनेक किटमध्ये वेगळा मॉनिटर असे, आणि त्यांच्या पुस्तिका आता सहज सापडत नाहीत. प्रोसेसर दुसरा मिळेल, डिस्प्ले मिळेल. प्रोग्रॅम मात्र कदाचित त्या एकाच चिपमध्ये उरला असेल.

ती चिप म्हणजे ईप्रॉम, वर काचेची खिडकी असलेली. यात प्रत्येक बिट म्हणजे इन्सुलेशनमध्ये अडकवून ठेवलेला विद्युतभार. अतिनील किरणांनी तो निघून जातो, म्हणून खिडकीवर चिकटपट्टी असते. पण काही दशकांत तो आपोआपही झिरपतो, आणि ० चा १ होतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी दोन्ही बाजूंचे फोटो. प्रत्येक चिपचा नंबर आणि तारखेचा कोड लिहायचा. ८१२३ म्हणजे बहुधा १९८१ चा तेविसावा आठवडा. मग ईप्रॉम सॉकेटमधून दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलून काढायची, प्रोग्रॅमरवर तीनदा वाचायची आणि तिन्ही प्रती ताडून पाहायच्या. २७१६ असेल तर कंपनी बघा. इंटेलच्या २७१६ ला ५ व्होल्ट पुरतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस२७१६ ला तीन वेगळे व्होल्टेज लागतात.

गेल्या वर्षी एका पॉलिटेक्निकच्या भंगारातून माझ्याकडे एक किट आलं. तिन्ही वाचनांत दोन बाइट दर वेळी वेगळे येत होते. ईप्रॉमला ५ ऐवजी ४.५ व्होल्ट दिले, तेव्हा तिन्ही प्रती जुळल्या. कारण सोपं आहे: भार कमी झालेला बिट पूर्ण व्होल्टेजवर १ वाटतो, थोड्या कमी व्होल्टेजवर तो ० म्हणून ओळखू येतो. दोन्ही बाइटच्या जागी सूचना अर्थाला धरून बसतात का, तेही तपासलं. बसल्या.

प्रत सुरक्षित झाली की मग दुरुस्ती. बोर्डवर निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर आधी काढा. तिचा क्षार तांब्याच्या रेषा खातो. तो पातळ व्हिनेगरने मारून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉवर सप्लाय बोर्डपासून वेगळा, लोड लावून तपासा. मग करंटला मर्यादा घालून ५ व्होल्ट द्या. ८०८५ च्या ३७ नंबरच्या पिनवर घड्याळ दिसतं का बघा. दिसलं आणि ३० नंबरच्या पिनवर, म्हणजे एएलईवर, हालचाल असेल, तर प्रोसेसर काम करतो आहे.

शेवटची परीक्षा छोटी. एसडीके-८५ मध्ये २००० पत्त्यापासून हे भरा: ३ई ०५ ०६ ०३ ८० ३२ ५० २० ७६. म्हणजे ५ आणि ३ ची बेरीज करून २०५० वर ठेव आणि थांब. पत्ता उलटा, ५० आधी, कारण ८०८५ खालचा बाइट आधी घेतो. चालवा, रीसेट करा, २०५० उघडा. ०८ दिसलं की रॅम, कळा, डिस्प्ले सगळं एकदम तपासून झालं. दुसऱ्या किटवर रॅमचा पत्ता वेगळा असू शकतो.

फौजेत प्रत्येक उपकरणाबरोबर लॉगबुक असतं. तसंच इथे करा: फोटो, चिपची यादी, ईप्रॉमची फाइल, तिचा चेकसम, बदललेले भाग आणि तारीख, सगळं एका फोल्डरमध्ये आणि दोन ठिकाणी.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा हैदराबादला. आपल्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकदा विचारून या. किट भंगारात निघत असेल तर निदान ईप्रॉम वाचून घेण्याची परवानगी मागा. काम अर्ध्या तासाचं आहे.