स्पंज आणि समुद्रशैवाल : ‘सहजीवन’ या संज्ञेचा एक विचार

दोन भिन्न जातींचे जीव एकमेकांस चिकटून वाढताना दिसले, की त्यांच्या संबंधास मराठीत ‘सहजीवन’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु व्यवहारात हा शब्द दांपत्याच्या संसारासही लावला जात असल्याने त्यास सामंजस्याची व परस्परोपकाराची छटा चिकटलेली आहे. मूळ संज्ञेत ही छटा नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंटोन द बारी याने 1879 मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात भिन्न जीवांचे एकत्र राहणे एवढ्याच अर्थाने ती योजिली होती, आणि परजीवनाचाही तीत समावेश केला होता. शब्दाची छटा निरीक्षणाची जागा कशी घेते, हे पाहावयाचे असल्यास समुद्रातील स्पंज व शैवाल यांच्या संबंधाइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

स्पंज हा प्राणी होय. मात्र तो जागचा हलत नाही, त्यास तोंड नाही, आणि पुष्कळदा त्याचा रंगही हिरवा असतो. यामुळे तो प्राणी की वनस्पती, हा वाद दीर्घकाळ चालला. या वादाच्या निर्णयात मुंबईचाही वाटा आहे. मुंबईच्या सैन्यातील शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर याने तेथील तलावांतील गोड्या पाण्याच्या स्पंजांचा अभ्यास करून 1848 व 1849 मध्ये आपले निबंध प्रसिद्ध केले. त्यांपैकी पहिल्याच्या शीर्षकातच स्पंजांच्या ‘प्राणित्वा’चा उल्लेख आहे. स्पंज आपल्या असंख्य रंध्रांवाटे पाणी आत ओढतो, त्यातील जीवाणू व सूक्ष्म कण गाळून खातो, आणि अमोनियासारखी नत्रयुक्त द्रव्ये उत्सर्जित करतो. याउलट शैवालास प्रकाश हवा, आणि नत्रही हवे. एकाचे उत्सर्जन ते दुसऱ्याचे पोषण होऊ शकेल, अशी शक्यता येथे उत्पन्न होते. तथापि शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

प्रत्यक्षात या संबंधांच्या निदान तीन पायऱ्या आढळतात. पहिली केवळ आश्रयाची. स्पंजाच्या डिंभास बसावयास घट्ट आधार लागतो. खडक मिळाला नाही तर शैवालाचे देठही त्यास पुरते. ‘हॅलिकाँड्रिया पॅनिसिया’ हा स्पंज खडकांप्रमाणेच मोठ्या तपकिरी शैवालांवरही वाढतो. येथे लाभ मुख्यतः स्पंजाचा. शैवालाचे पान झाकले गेल्यास त्यास प्रकाश कमी मिळतो, आणि लाटांचा ओढही वाढतो.

दुसरी पायरी सांगाड्याची. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मासात्लान येथे ‘हॅलिक्लोना सेरुलिया’ हा स्पंज व ‘जेनिया अॅडहेरेन्स’ हे चुनखडीयुक्त लाल शैवाल एकमेकांत गुंतून वाढतात. शैवालाच्या ताठ शाखांचा आधार मिळाला म्हणजे स्पंज स्वतःच्या सिलिकामय कंटिका कमी प्रमाणात तयार करतो. तरीही तो शैवालावाचून जगू शकतो. म्हणजे संबंध घनिष्ठ आहे, पण अपरिहार्य नाही.

तिसरी पायरी परावलंबनाची. इंडो-पॅसिफिक प्रवाळक्षेत्रांत ‘सेरॅटोडिक्टिऑन स्पाँजिओसम’ हे लाल शैवाल ‘हॅलिक्लोना सिमिफॉर्मिस’ या स्पंजाच्या देहात इतके विणले गेलेले असते, की बाहेरून पाहणाऱ्यास तो एकच जीव वाटावा. या जोडीवरील संशोधन 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. स्पंजाने उत्सर्जित केलेल्या अमोनियमवर शैवालाची नत्राची गरज भागू शकते, असे त्यातून दिसून आले. उलट दिशेने मात्र शैवालाने प्रकाशसंश्लेषणाने बनविलेल्या कार्बनी द्रव्याचा अत्यल्प अंशच स्पंजाकडे जातो. म्हणून येथे स्पंजास मिळणारा लाभ अन्नापेक्षा आधाराचा असावा, असे मानणे अधिक युक्त ठरते. देणे आणि घेणे एकाच नाण्यात होत नाही, हा या उदाहरणाचा विशेष होय.

याच्याशी गोड्या पाण्यातील हिरव्या स्पंजांची तुलना करता भेद स्पष्ट होतो. त्यांच्या पेशींत एकपेशीय हरित शैवाल राहते, आणि तेथे शर्करा शैवालाकडून स्पंजाकडे जाते. अंधारात ठेवल्यास असे स्पंज फिके पडतात. दोन्ही ठिकाणी ‘सहजीवन’ हाच शब्द वापरला जातो. परंतु व्यवहाराची दिशा व वस्तू दोन्ही निराळ्या आहेत.

1890 मध्ये शैवालतज्ज्ञ अॅना वेबर-व्हान बॉस व प्राणिशास्त्रज्ञ माक्स वेबर या डच पतिपत्नींनी अशा काही नव्या जोड्यांचे वर्णन मिळून प्रसिद्ध केले, हे अर्थपूर्ण आहे. अर्धा विषय एका शास्त्राचा व अर्धा दुसऱ्याचा असला म्हणजे कोणत्याही एका बाजूने पाहणाऱ्यास दुसरा जीव केवळ ‘पृष्ठभाग’ वा ‘अडगळ’ भासण्याचा संभव असतो.

भाषेच्या अभ्यासकांस हा धोका अपरिचित नाही. गोदाकाठच्या धर्माबादेस तेलंगणाची सीमा लागून आहे. मराठी व तेलुगू तेथे शेजारी नांदतात. म्हणून तेथील मराठीतील प्रत्येक विशेष तेलुगूपासूनच आला, असे कोणी म्हटल्यास त्यास विचारावे लागते : तो विशेष सीमेपासून दूरच्या मराठीतही आहे काय? कोणते रूप कोठून कोठे गेले? आणि एका भाषेचा संपर्क तुटल्यास दुसरीत काय उरेल? सान्निध्यावरून संबंध गृहीत धरता येत नाही. तो सिद्ध करावा लागतो.

स्पंज व शैवाल यांच्याबाबतही हेच तीन प्रश्न उपयोगी पडतात. दोघे एकमेकांवाचून आढळतात काय? कोणते द्रव्य कोणाकडून कोणाकडे जाते? आणि एकास दूर केल्यास दुसऱ्याचे काय होते? यांची उत्तरे मिळेपर्यंत ‘सहजीवन’ हा शब्द द बारीच्याच मूळ अर्थाने, म्हणजे केवळ एकत्र राहणे या अर्थाने, वापरणे श्रेयस्कर. परस्परोपकार हा त्या शब्दाचा अर्थ नसून प्रयोगान्ती काढावयाचा निष्कर्ष होय.