लिंबच्या विहिरीत मिरजेचा तानपुरा

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकरांनी जो उद्योग नावारूपास आणला आणि ज्यातील सतार व तानपुरा यांस 2024 साली भौगोलिक मानांकन लाभले, त्याची खरी कीर्ती जवारीवर, म्हणजे तारेच्या त्या गुंजत्या नादावर, उभी आहे. मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्यावरील तबली, तिच्यावरची घोडी आणि घोडीवर तारेखाली सरकविलेला सुताचा दोरा, एवढ्या सामग्रीतून जो नाद उठतो तो एका बिंदूतून बाहेर पडत नाही. त्यातील निरनिराळे उपस्वर निरनिराळ्या दिशांना पसरतात, आणि म्हणूनच दोन तानपुऱ्यांच्या मध्ये बसलेल्या गायकास आपण नादाच्या आत बसलो आहोत असा प्रत्यय येतो. हाच तानपुरा मोबाइलवर, हेडफोन लावून ऐकावा, तर तो कवटीच्या आत कोठेतरी वाजत असल्यासारखा भासतो.

हरवलेली ती दिशा परत मिळवून देणारी आज्ञावली, म्हणजेच स्पेशिअल ऑडिओचे सॉफ्टवेअर, आज एकटा मनुष्य घरी बसून लिहू शकतो. या विद्येचा पाया जुना आहे. ध्वनी उजवीकडून आला असता उजव्या कानास तो किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो, हे लॉर्ड रॅले यांनी 1907 साली मांडले. हा कालभेद फार तर सुमारे 0.65 मिलिसेकंद असतो. सेकंदाला 48,000 नमुने घेणाऱ्या संगणकाच्या हिशेबी तो अवघ्या 31 नमुन्यांचा होतो. वरचा-खालचा आणि पुढचा-मागचा भेद मात्र कानाच्या पाळीच्या वळणांवरून कळतो, आणि ती वळणे ज्याची त्याची निराळी. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी संस्थेत 1994 साली गार्डनर आणि मार्टिन यांनी एका पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन बसवून 710 दिशांची मोजणी केली आणि ती सर्वांस खुली ठेवली. एकट्याने काम करणाऱ्याचे ते आजही पहिले भांडवल आहे.

दिशेइतकेच महत्त्व जागेच्या घुमाऱ्यास असते; तो टिपण्यासाठी आता साताऱ्याजवळच्या लिंब गावी चला. तेथील बारामोटेची विहीर वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधविली. अष्टकोनी मुख्य विहिरीचा व्यास सुमारे 50 फूट, म्हणजे एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत जाण्यास ध्वनीस सुमारे 44 मिलिसेकंद लागणार. तेथे स्पीकरवरून खर्जापासून अतितार स्वरापर्यंत सरकत जाणारा एक अखंड सूर वाजवावा, मायक्रोफोनने परत आलेला नाद टिपावा आणि गणितात मूळ सुराने त्यास भागावे, म्हणजे जे उरते ते त्या दगडांचे आणि पाण्याचे नादरूप प्रत्युत्तर होय. मिरजेच्या तानपुऱ्याच्या प्रत्येक नमुन्याशी त्याचा गुणाकार करून बेरीज घेतली की तो तानपुरा त्या विहिरीत वाजू लागतो.

हा गुणाकार सरळ करू गेल्यास दोन सेकंदांच्या प्रत्युत्तरासाठी प्रत्येक कानामागे सेकंदाला सुमारे 460 कोटी गुणाकार लागतात. कूली आणि ट्यूकी यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या जलद पद्धतीमुळे हे ओझे पुष्कळच हलके होते. तरीही 256 नमुन्यांचा प्रत्येक गट 5.3 मिलिसेकंदांच्या मुदतीत हजर करावाच लागतो, आणि मुदत एकदा चुकली की कानात 'टक्' असा ठोका ऐकू येतो. एकट्या कारागिराच्या बहुतेक रात्री या मुदतीच्या बंदोबस्तात खर्ची पडतात. त्याहून अवघड भाग पुढे आहे. उसन्या कानांच्या मोजणीमुळे समोरचा तानपुरा कित्येकांस पाठीमागे वाजल्यासारखा वाटतो, आणि याची पारख यंत्रावर होत नाही. माणसे बोलावून, डोळे मिटवून, नाद कोठून येतो ते बोटाने दाखवा असे विचारावे लागते.

या मुलखास अशी मोजणी नवीन नाही. सांगलीच्या देवल घराण्यातले निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी, पुढे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे स्वर तारेवर ताडून, 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. आय.सी.एस. अधिकारी क्लेमेंट्स यांच्या साह्याने त्या मापांची हार्मोनियमही लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून तयार करविली. त्यांचे निष्कर्ष पुढे वादग्रस्त ठरले, संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांस ते मान्य झाले नाहीत. तथापि मोठ्या गवयाचा गळा आणि मोजपट्टी यांना एका बैठकीत आणण्याचे धैर्य, तेही कोणत्याही मोठ्या संस्थेच्या हुकुमावाचून, एका पेन्शनर अंमलदाराने दाखविले, हे मला त्या निष्कर्षांहून मोलाचे वाटते.

डॉल्बीने 2012 साली ॲटमॉस ही चहूबाजूंच्या ध्वनीची पद्धत चित्रपटगृहांत आणली, ॲपलने 2021 साली तीच पद्धत आपल्या संगीतसेवेत दिली. पण मिरजेच्या गल्लीतला तानपुरा चहूबाजूंनी टिपण्यासाठी त्या कंपन्यांची वाट पाहण्याचे आपणांस कारण नाही. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातील वा साताऱ्यातील एखाद्या विद्यार्थ्याने कारागिराची संमती घेऊन एका उत्तम तानपुऱ्याभोवती आठ मायक्रोफोन मांडावेत, रीतसर परवानगीने लिंबच्या विहिरीचे प्रत्युत्तर नोंदवावे, आणि एमआयटीच्या त्या दोघांप्रमाणे सारे दफ्तर विनामूल्य खुले करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.