बाराचा रकाना कुणासाठी?

'सातबारा' आपण एका दमात म्हणतो, पण ते दोन वेगळे नमुने आहेत. गाव नमुना सात हक्काचा : जमीन कुणाच्या नावावर, किती, तिच्यावर बोजा कुणाचा. गाव नमुना बारा पिकाचा : कोणत्या हंगामात काय पेरले, किती भिजले, किती पड राहिले. भाऊबंदकी आणि कोर्टकचेऱ्या सातवर होतात. बाराकडे फारसे कुणी पाहत नसे. गेल्या काही वर्षांत मात्र हाच दुर्लक्षित नमुना गावापासून दिल्लीपर्यंत सर्वांना हवासा झाला, आणि प्रत्येकाला तो निराळ्या कामासाठी हवा आहे. सरकारी सेवा संगणकावर नेताना वरच्या आणि खालच्या पातळ्यांचे हेतू जुळले नाहीत तर काय होते, हे समजून घ्यायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

जुन्या नियमाप्रमाणे तलाठ्याने हंगामात शिवारात फिरून पीक पाहायचे आणि रकाने भरायचे. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावे, त्यात निवडणुका, पंचनामे, दाखले. मी जुने हस्तलिखित उतारे जमवतो. त्यांतल्या काही गटांवर ओळीने आठ-दहा वर्षे तेच पीक, तेच क्षेत्र आणि बहुधा तीच शाई दिसते. पाहणी शिवारात झाली की चावडीत, हे सांगायला संशोधक लागत नाही. तरी कुणाचे अडत नव्हते, कारण त्या नोंदीवर पैसा क्वचितच ठरत असे.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने केलेल्या अ‍ॅपमध्ये शेतकऱ्याने आपले पीक स्वतः नोंदवायचे, फोटो काढायचा, आणि तलाठ्याने दहा टक्के नोंदी तपासायच्या. कल्पना मला आजही पटते. ज्याचे शेत त्यानेच पीक सांगावे, यात चूक काय? पण महसूल खात्याचा हेतू नोंद खरी व्हावी हा होता, आणि बाकीच्या खात्यांना तयार यादी मिळाली. २०२३च्या खरिपातल्या सोयाबीन-कापूस उत्पादकांना हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, द्यायचे ठरले तेव्हा पात्रतेसाठी ई-पीक पाहणीचीच नोंद धरली गेली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, ज्यांच्या शिवारात रेंज नव्हती, त्यांचे सोयाबीन शेतात उगवले होते पण यादीत नव्हते. ओरड झाली, पुढच्या वर्षी अट शिथिल करावी लागली आणि तलाठ्याकडची सातबाऱ्यावरची नोंदही ग्राह्य धरली. म्हणजे ज्या नोंदीवर विश्वास नाही म्हणून अ‍ॅप आणले, तिच्याच आधारे अ‍ॅपची उणीव भरून काढली. यात हसण्यासारखे काही नाही. त्या शेतकऱ्यांचे पैसे त्या दोन नोंदींच्या मधे अडकले होते.

मग दिल्ली. राज्यघटनेप्रमाणे शेती आणि जमीन हे राज्यांचे विषय. पण पैसा आणि साचा बहुधा केंद्राचा. हे आजचे नाही. १९८८-८९मध्ये जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणाचा पहिला प्रयोग केंद्राने देशातल्या आठ जिल्ह्यांत केला, त्यात आपला वर्धा होता. आता २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या डिजिटल कृषी अभियानाचा खर्च २,८१७ कोटी रुपये आहे. त्यात प्रत्येक शेतकऱ्याला ओळख क्रमांक आणि देशभर एकाच पद्धतीने पीक सर्वेक्षण अपेक्षित आहे. केंद्राला मुख्यतः हवे आहे ते देशात कोणत्या पिकाखाली किती क्षेत्र याचे भरवशाचे उत्तर. त्यासाठी कुणाचे पीक यापेक्षा कुठले पीक हे महत्त्वाचे. म्हणून नव्या अ‍ॅपमध्ये नोंद करणारा प्रत्यक्ष त्या गटात उभा आहे की नाही, हे फोन तपासतो. शेतकऱ्याने नोंद केली नाही तर गावातला सहायक मानधन घेऊन ती पुरी करतो.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. फोनला गटाची हद्द कळते ती गावच्या नकाशावरून. पण महाराष्ट्रात असंख्य गटांमध्ये पोटहिस्से कागदावर पडले, मोजणी होऊन नकाशावर आले नाहीत. तीन भावांचा बांध जमिनीवर आहे, तिघांची नावे नमुना सातवर आहेत, फोनच्या पडद्यावर मात्र एकच सलग तुकडा. केंद्राच्या आकडेमोडीत याने फारसे बिघडत नाही. गटातले एकूण क्षेत्र बरोबर येते. नुकसानभरपाईला तीन वेगळी क्षेत्रे लागतात. बटाईदाराची तर याहून वाईट अवस्था. पीक त्याचे, घाम त्याचा, नोंद खातेदाराच्या खात्यावर.

तालुक्याच्या पातळीवर हेतू आणखी आखडतो. तिथे आढावा बैठकीत एकच प्रश्न असतो : किती टक्के झाले? बरोबर किती, हे विचारायला तक्त्यात रकाना नाही. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात मग नोंदी भराभर वाढतात. हे मला चावडीत बसून भरलेल्या त्या जुन्या शाईसारखेच वाटते, फक्त घाई अधिक.

उपाय तांत्रिक नाही. एका नोंदीकडून क्षेत्राचा अंदाज, अनुदानाची यादी, विम्याची पडताळणी आणि कर्जाचा पुरावा अशी चार कामे घ्यायची असतील, तर अ‍ॅप लिहिण्याआधी चौघांनी एकत्र बसून ठरवायला हवे की नोंद चुकली तर भुर्दंड कोणी सोसायचा. आज तो न विचारता शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो. दुसरे, पोटहिश्श्यांच्या मोजणीला पैसा द्यायला हवा. ते काम सावकाश चालणारे, त्याचे उद्घाटन होत नाही, म्हणून ते मागे राहते.

आणि एक साधन आपल्याकडे होतेच. २०१७मध्ये संगणकावरचे सातबारे तपासण्यासाठी गावोगाव चावडी वाचन झाले. खातेदारांची नावे आणि क्षेत्रे मोठ्याने वाचली गेली, आणि लोकांनी तिथल्या तिथे चुका सांगितल्या. ते वाचन साताचे होते. बाराचे वाचन दर हंगामाला, मुदत संपण्याच्या आठ दिवस आधी, त्याच चावडीत करता येईल. अमक्याच्या गटात ऊस लागला असताना कांदा वाचला गेला, तर शेजारच्या बांधावरचा माणूस गप्प बसणार नाही.