कुलरमध्ये पाणी भरण्याआधी



होळी झाली की आपल्या जिल्ह्यात घरोघरी एकच काम निघतं. माळ्यावर नाहीतर गोठ्यात झाकून ठेवलेला कुलर खाली येतो, धूळ झटकली जाते, जुन्या ताट्या काढून नव्या बसतात आणि कुलर खिडकीला लागतो. एप्रिल-मे मध्ये वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या घरात आणि कधी त्याच्याही वर जातो. नवतपा लागला की रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. अशा उन्हाळ्यात घरात म्हातारं माणूस, बाळंतीण किंवा लहान लेकरू असेल, तर कुलरला चैन म्हणता येत नाही.

पण याच दिवसांत दरवर्षी विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून कुलरचा शॉक लागून कोणी दगावल्याची बातमी येते. महावितरणही दर उन्हाळ्यात कुलर जपून वापरा म्हणून सांगत असते. कोणी चालू कुलरमध्ये पाणी भरत असतं, कोणी ओली फरशी पुसत असतं, कधी खेळता खेळता लेकराचा हात कुलरला लागतो. आपल्या घरी पाणी भरणं आणि फरशी पुसणं कोणाच्या वाट्याला येतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून हा लेख घरातल्या वायरमनसाठी नाही, तुमच्यासाठी लिहिला आहे.

कुलर गार कसा करतो?

माठातलं पाणी जसं गार होतं, तसाच कुलर चालतो. माठातून थोडं थोडं पाणी झिरपतं, हवेत वाळतं आणि वाळताना उष्णता ओढून घेतं. कुलरमध्ये छोटा पंप टाकीतलं पाणी वर चढवतो, ते वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवरून खाली झिरपतं आणि पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो. एक लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता ओढते, ती अर्ध्या युनिट विजेहून जास्त असते. म्हणूनच दीड-दोनशे वॅटचा पंखा आणि छोटासा पंप एवढ्यावर खोली गार होते. २०० वॅटचा कुलर दहा तास चालला तर २ युनिट वीज लागते.

आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी, म्हणून कुलर इथे चांगला चालतो. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, पाणी वाळत नाही आणि नुसता दमटपणा वाढतो. गार झालेली हवा बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवायचं, हेही यातूनच कळतं.

म्हणजे या यंत्रात वीज, पाणी आणि बहुतेक घरी लोखंडी पत्रा, तिन्ही एकाच पेटीत असतात. धोका इथेच आहे.

पत्र्यात करंट येतो कसा?

पंप पाण्यात बुडालेला असतो. आठ महिने कुलर पडून राहिला की वायरवरचं रबर कडक होतं, चिरतं. उंदीर वायर कुरतडतात. पंपाचं सील जुनं होऊन आत पाणी शिरतं. बोअरच्या पाण्यातले क्षार साचतात, आणि असं क्षाराचं पाणी वीज चांगली वाहून नेतं. पंख्याच्या हादऱ्याने वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली जाते. यातलं काहीही एक झालं की २३० व्होल्टचा करंट पत्र्यात नाहीतर पाण्यात उतरतो.

कुलर मात्र छान चालत असतो. पंखा फिरतो, पाणी पडतं. म्हणून घरातले म्हणतात, "पंखा तर फिरून राहिला ना, मग काय झालं?" करंट पत्र्यात वाट बघत असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून कोणी हात लावला, की त्याला जमिनीत जायला वाट मिळते. ती वाट म्हणजे आपलं अंग.

कुलर प्लास्टिकचा असला तरी निर्धास्त होऊ नका. प्लास्टिकमधून करंट येत नाही, पण टाकीतल्या पाण्यातून येतो.

"फ्यूज आहे की घरी!"

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. फ्यूज किंवा एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. घरातली एमसीबी ६, १० किंवा १६ अँपिअरची असते, म्हणजे एवढ्याहून जास्त करंट वाहिला तर ती पडते. आता माणसाचा हिशोब पाहा. एका अँपिअरचे १००० मिलिअँपिअर होतात. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. लोक म्हणतात "करंटने ओढून धरलं", ते हेच. ३० च्या आसपास श्वास अडखळतो. ५० ते १०० मिलिअँपिअर करंट छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. ९ वॅटचा एलईडी बल्ब पेटायला साधारण ४० मिलिअँपिअर किंवा थोडा जास्त करंट लागतो. म्हणजे एक बल्ब पेटवणारा करंट माणूस मारू शकतो, आणि ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

माणसाला वाचवणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक अर्थिंग आणि दुसरी ईएलसीबी.

अर्थिंग: करंटला सोपी वाट

कुलरच्या पत्र्यापासून एक तार बोर्डात आणि तिथून जमिनीत पुरलेल्या पाइपापर्यंत जाते. पत्र्यात करंट उतरलाच तर तो या जाड तारेने सरळ जमिनीत जातो, कारण आपल्या अंगापेक्षा ती वाट फार सोपी असते.

तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन याच तारेची. ती इतर दोन पिनांपेक्षा लांबही असते. त्यामुळे प्लग लावताना अर्थिंग आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. बोर्डात दोनच भोकं आहेत म्हणून ही पिन कापून टाकणारे, नाहीतर वायरची उघडी टोकं काडीने भोकात खोचणारे गावोगावी आहेत. तसं केलं की आपला रखवालदार आपणच हाकलून लावतो.

घरी अर्थिंग आहे की नाही, हे ओळखायला दोन गोष्टी करा.

पहिली, अर्थिंगची तार कुठे जाते ते डोळ्यांनी पाहा. ही तार बहुधा हिरवी असते. ती घराबाहेरच्या खड्ड्यातल्या पाइपापर्यंत पोचली पाहिजे. काही ठिकाणी बोर्डातच अर्थिंगची पिन न्यूट्रलच्या तारेला जोडून दिलेली असते. हे फार घातक आहे. न्यूट्रलची तार कुठे तुटली तर अख्ख्या कुलरच्या पत्र्यात २३० व्होल्ट येतात.

दुसरी, वायरमनला फेज आणि अर्थिंगच्या मध्ये टेस्ट बल्ब लावून दाखवायला सांगा. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग काम करतं. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर ते नावापुरतं आहे. घरी ईएलसीबी बसवलेली असेल तर या तपासणीत ती लगेच पडेल, त्याची काळजी करू नका. ही तपासणी वायरमननेच करायची, आपण नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकते आणि भेगा पडतात. कोरड्या मातीतून करंट नीट जात नाही. म्हणजे ज्या महिन्यांत कुलर चालतो, त्याच महिन्यांत अर्थिंग कमजोर होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ यासाठीच टाकतात. उन्हाळाभर दर दोन-चार दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाका. भांडी धुतलेलं पाणीही चालतं.

ईएलसीबी: जीव वाचवणारं बटण

मीटरजवळच्या बोर्डात बसणारी ही छोटी डबी आहे. आजकाल दुकानात तिला आरसीसीबीही म्हणतात. तिचं काम साधं आहे. एका तारेने जेवढा करंट घरात गेला, तेवढाच दुसऱ्या तारेने परत आला का, हे ती सारखं मोजत असते. मधल्या मध्ये कुठे गळाला, म्हणजे पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर ती अर्ध्या सेकंदाच्या आत लाइन तोडते.

घरासाठी घेताना तिच्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं आणि आयएसआयचा शिक्का असलेलीच मागा. किंमत साधारण दीड-दोन हजारांच्या आसपास पडते, कंपनीप्रमाणे कमी-जास्त. तिच्यावर "टी" लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. लाइन गेली तर डबी ठीक आहे, नाही गेली तर बदलायची. ईएलसीबी वारंवार पडत असेल तर "कटकट आहे" म्हणून ती काढून टाकू नका. घरात कुठेतरी करंट गळतो आहे, एवढंच ती सांगते.

कुलर काढल्यावर, लावण्याआधी

१. पूर्ण वायर हाताखालून घाला, प्लग मात्र बाहेर काढलेला असू द्या. कुठे चिरलेली, जोड दिलेली, टेप गुंडाळलेली असेल तर अख्खी वायर बदला. वायर तीन तारांचीच घ्या.
२. पंपाची वायर आणि सील पाहा. शंका असेल तर नवा पंप घ्या. पंपासाठी जिवाशी खेळू नका.
३. वायर पत्र्यातून जिथे आत जाते तिथे रबराची गोल रिंग आहे का पाहा.
४. अर्थिंगची तार कुलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवलेली हवी. तिथला गंज आणि रंग खरवडून काढा.
५. वायरमनकडून टेस्टरने पत्रा तपासून घ्या. उलटा हात लावून करंट पाहायची सवय घरात कोणाला असेल तर ती आजच मोडा.

रोजचे नियम

पाणी भरण्याआधी नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. काही बोर्डांत बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं असतं. अशा ठिकाणी बटण बंद असूनही कुलरमध्ये करंट राहतो. प्लग कोरड्या हाताने काढायचा, पायात चप्पल असू द्यायची. नळ आला म्हणून घाई होते, पाइप लावून दुसरं काम उरकावं वाटतं. पाणी टाकीबाहेर सांडून मोटरवर जातं, ते अशा वेळीच. कुलर लाकडी नाहीतर पक्क्या स्टँडवर ठेवा, खाली पाणी साचू देऊ नका. लेकरांना कुलरला हात लावू देऊ नका. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी करा, डेंग्यूचा डास कुलरच्या साचलेल्या पाण्यात वाढतो.

शॉक लागलाच तर

माणसाला हाताने ओढू नका, दोघंही जातील. आधी प्लग काढा किंवा मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला कुलरपासून ढकला. मग १०८ ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. मातीत पुरणं, तोंडात पाणी घालणं यात वेळ घालवू नका. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्या. वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं रुग्णालय, जे जवळ असेल ते. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

गटाने काय करायचं?

एकट्या बाईने घरी अर्थिंगचा विषय काढला तर "मागच्या साली काही झालं का?" असं उत्तर मिळतं. गटाने काढला तर ऐकावं लागतं. म्हणून या महिन्याच्या बैठकीत चार गोष्टी ठरवा.

कोणाकोणाच्या घरी कुलर आहे, अर्थिंग आहे का, ईएलसीबी आहे का, याची यादी करा. ग्रामसंघामार्फत परवाना असलेला एक वायरमन बोलवा आणि एकाच दिवशी सगळी घरं तपासून घ्या. एकत्र काम दिलं तर मजुरीही कमी लागेल. कुलरसाठी गटातून कर्ज मागणाऱ्या ताईला अर्थिंग आणि ईएलसीबीचा खर्च त्याच कर्जात धरायला सांगा. आणि एकट्या, म्हाताऱ्या बायांची घरं यादीत सगळ्यात आधी घ्या. खांबावरून किंवा मीटरपर्यंतच्या लाइनमध्ये बिघाड दिसला तर स्वतः हात न लावता महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा.

"विजेचं काम आपल्याला काय कळते" असं कोणी म्हटलं, तर देवळी तालुक्यातल्या कवठ्याचं नाव सांगा. तिथे बचत गटाच्या बायांनी सोलर पॅनेलचा कारखाना उभा केला. त्याही तुमच्या-आमच्यासारख्याच घरातून आलेल्या, प्रशिक्षण घेऊन शिकल्या. आपल्याला कारखाना काढायचा नाही. तीन पिना, एक हिरवी तार आणि "टी" लिहिलेलं एक बटण, एवढंच ओळखायचं आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरची अर्थिंगची तार कुठे जाते ते पाहून या. हजेरीनंतर पहिला विषय तोच घ्या.