कांद्याच्या मुळावर कॅन्सरचा अभ्यास

'अल्पशा आजाराने दुःखद निधन' असा फलक गावच्या पारावर महिन्या-दोन महिन्यांनी लागतोच. कोणता आजार, ते फलकावर नसते. विचारले तर 'गाठ होती', 'तोंडात जखम होती', 'अंगावरून जात होतं' असे दबक्या आवाजात सांगतात आणि विषय तिथेच मिटतो. माणूस घरीच गेला असेल तर ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतही घरचे सांगतील तेवढेच उतरते.

औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर शहरात कॅन्सरच्या रुग्णांची रीतसर नोंद १९७८ पासून होते. मुंबईच्या इंडियन कॅन्सर सोसायटीने ती सुरू केली. पण ती शहरापुरती. वैजापूर, कन्नड, सोयगावच्या खेड्यांचा हिशेब त्यात येत नाही. शहरात २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तिथे खेड्यांतून रुग्ण येतात. पण रुग्ण दारात आल्यावर कळणे वेगळे आणि गावात आहे हे आधीच कळणे वेगळे.

हे दुसरे काम मराठवाड्याच्या शिवेवर झालेले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि शेजारचे परंडा, भूम, एवढा तिचा मुलूख. तिथले कार्यकर्ते नुसते दवाखान्यांचे कागद चाळत बसले नाहीत. गावोगाव गेले, सरपंच, शिक्षक अशा चार जाणत्या माणसांना भेटले. कोणाला न भरणारी जखम आहे का, कोणाला गाठ आहे का, पाळी गेल्यावरही कोणा बाईला रक्त जाते का, हे विचारले. विचारता विचारता लोकांना या खुणा कळल्या. पुढे १९९५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पहिल्यापेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला होता. मोजणीला गेलेल्या माणसांनी नकळत निम्मी दवादारूच केली म्हणायची!

आता यात हायस्कूलच्या पोरांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या 'सिटी ऑफ होप' या कॅन्सर संस्थेत १९६० पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा-कॉलेजच्या मुलांना प्रयोगशाळेत घेतात आणि खऱ्या संशोधनाला हात लावू देतात. आपल्या मुलांना तेवढी प्रयोगशाळा कुठली? पण १९९३ पासून देशात राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरत आली आहे. तिथे १० ते १७ वर्षांची मुले आपल्याच गावातला प्रश्न घेऊन अभ्यास मांडतात. आणि कॅन्सरच्या अभ्यासाचा पहिला धडा गिरवायला लागणारा माल लासूर स्टेशनच्या बाजारात ढिगाने पडलेला असतो. तो म्हणजे कांदा.

स्वीडनचे शास्त्रज्ञ आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर विषारी द्रव्ये तपासण्याची रीत दाखवली. याच लेव्हान यांनी जो हिन त्जिओ या सहकाऱ्याबरोबर १९५६ मध्ये माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे नक्की केले. कांद्याच्या पेशीत ती १६ असतात आणि चांगली ठसठशीत दिसतात.

कृती अवघड नाही. सारख्या आकाराचे दहा कांदे घ्यायचे. बुडाची वाळलेली मुळे हलक्या हाताने खरडायची आणि बूड पाण्याला टेकेल असा एकेक कांदा ग्लासच्या तोंडावर ठेवायचा. पाच साध्या पाण्यात, पाच तंबाखू भिजवून गाळलेल्या पाण्यात. दोन-चार दिवसांत पांढरी मुळे फुटतात, ती रोज पट्टीने मोजून वहीत मांडायची. मग मुळाचे टोक कापून पातळ आम्लात किंचित गरम करायचे, रंग द्यायचा, काचेखाली दाबून सूक्ष्मदर्शकात पाहायचे. शंभर पेशी मोजायच्या आणि त्यांतल्या किती फुटून दोन होताहेत ते लिहायचे. शहरातल्या प्रयोगशाळेत गाठीचा तुकडा जातो, तेव्हा डॉक्टरही फुटणाऱ्या पेशी मोजतात, कारण कॅन्सर म्हणजे लगाम सुटलेली पेशींची वाढ. तंबाखूचे पाणी आणि आम्ल मात्र मास्तरांनी स्वतः हाताळावे. फवारणीची औषधे तर या प्रयोगात नकोतच.

मूळ खुंटले म्हणजे कॅन्सर सिद्ध झाला, असे मात्र नव्हे. हे पोरांना बजावून सांगायचे. साध्या पाण्यातले पाच कांदे कशाला, हा प्रश्नही त्यांना पडू द्यायचा. ते ताडून पाहण्यासाठी असतात.

असाच ताळा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात माणसांत घेतला गेला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका होत्या. ५२ विभाग पाडून त्यांचे चार गट केले. तिघांना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला फक्त माहिती. २००९ मध्ये निकाल जाहीर झाला. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्यात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. चौथ्या गटात ६४. पहिल्या गटात बायका थोड्या जास्तच होत्या, तरीही. चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. कांदे आणि माणसे यांतला फरक मुलांना इथेच समजतो. म्हणूनच घरोघर आजाऱ्यांची चौकशी करायला पोरांना धाडू नये. ते शिकलेल्या, विश्वासातल्या मोठ्या माणसांचे काम.

पोरांनी टेप मात्र जरूर घ्यावा. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तंबाखू विकता येत नाही. शाळेच्या कुंपणापासून मोजावे, किती टपऱ्या आत येतात ते नकाशावर मांडावे आणि तो कागद ग्रामसभेत वाचावा. सरपंचांना थोडे अवघड जाईल, कारण एखादी टपरी भावकीतलीच निघायची.

खर्च म्हणाल तर दहा कांदे, दहा ग्लास, तंबाखूची एक पुडी, रंगाची बाटली. सूक्ष्मदर्शक पुष्कळ हायस्कुलांत असतो, पण कपाटात कुलूपबंद. त्याची किल्ली कोणाकडे आहे, एवढे शाळा व्यवस्थापन समितीने पुढच्या बैठकीत विचारावे.