पाय मोडला तर?

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाले तेव्हा बॅगेत डिंक होता, खारीक होती, भाजलेले अळीव होते, जुन्या नऊवारीची मऊ दुपटी होती. फुटबॉल माझ्या यादीत कुठेच नव्हता. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी अ‍ॅन आर्बरला पोहोचले आणि पुढच्या जानेवारीत कराडला परतले, त्या साडेपाच महिन्यांचा हिशोब मांडायला बसले की वहीत दोनच रकाने भरतात. एका बाजूला नात आणि दुसऱ्या बाजूला एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचा हंगाम.

अ‍ॅन आर्बर हे मिशिगन राज्यातलं विद्यापीठाचं गाव. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं मोठं गाव म्हणा. आणि त्या गावातल्या स्टेडियममध्ये बसतात एक लाख सात हजार सहाशे एक माणसं! अमेरिकेतलं सगळ्यांत मोठं स्टेडियम, १९२७ सालचं, आणि ते कुणा व्यावसायिक क्लबचं नाही, कॉलेजच्या पोरांचं. मॅचच्या शनिवारी गावाचा नूरच पालटतो. पिवळे-निळे शर्ट घातलेली आजोबा-आजीसुद्धा सकाळपासून गाडीच्या डिकीत शेगडी पेटवून बसलेली असतात. स्टेडियमजवळची माणसं आपल्या अंगणात परक्यांच्या गाड्या लावू देतात आणि त्याचे पैसे घेतात. आपल्याकडे जत्रेत चपला सांभाळायचे घेतात ना, तसंच.

आता खेळाबद्दल. नाव फुटबॉल, पण पायाने चेंडू क्वचितच मारतात. लांबट नारळासारखा चेंडू हातात धरून पळायचं किंवा पुढे फेकायचा, आणि समोरच्या अकरा जणांनी अंगावर पडून अडवायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण. मला पहिल्यांदा काहीच कळेना. मग जावई म्हणाले, "आई, तुम्ही हा कबड्डीसारखा बघा. चढाई करणाऱ्याला वाट काढून द्यायला पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात. चेंडू घेऊन पळणं त्यांच्या वाट्याला सहसा येत नाही. नुसतं अंगावर घ्यायचं." ते पाच गडी मात्र माझ्या लगेच लक्षात राहिले. घरोघरच्या बायका असतात की तशा!

सप्टेंबरच्या ९ तारखेला शेजाऱ्यांकडची दोन तिकिटं मिळाली. लेकीला आठवा सरत आलेला, त्यामुळे ती घरी राहिली आणि मी जावयांबरोबर गेले. बाहेरून ते स्टेडियम तेवढं मोठं वाटत नाही, कारण मैदान जमिनीच्या पातळीखाली आहे. आत शिरलं की एकदम विहिरीच्या काठावर आल्यासारखं होतं आणि छातीत धस्स होतं. लास वेगासच्या विद्यापीठाला आपल्या पोरांनी ३५-७ असं हरवलं. (बघा, तेव्हाच मी 'आपली पोरं' म्हणायला लागले होते!) मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ त्या दिवशी मैदानावर नव्हते. खेळाडू निवडताना नियम मोडल्याच्या प्रकरणात विद्यापीठानेच त्यांना पहिल्या तीन सामन्यांसाठी घरी बसवलं होतं. मला ते जरा विचित्रच वाटलं. परत येताना जावई म्हणाले, "यंदा पोरं गप्प बसणार नाहीत. १९९७ नंतर राष्ट्रीय विजेतेपद आलेलं नाही."

घरी लेक सोफ्यावर पाय लांब करून बसली होती. तिने आमच्याकडून एकेक चाल काढून घेतली. कोण कुठून पळाला, कुणी वाट काढली, सगळं. तिचे डोळे असे लकाकताना मी फार वर्षांनी पाहिले, आणि का कोण जाणे, मी विषय बदलला.

टीम जिंकत गेली. मोठ्या फरकाने, एकामागून एक. माझं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं. १४ ऑक्टोबरला पहाटे लेकीला कळा सुरू झाल्या. दुपारी इंडियानाशी घरच्या मैदानावर सामना, त्यामुळे गर्दी व्हायच्या आत आम्ही हॉस्पिटल गाठलं. दुपारी नात झाली. नर्सने बाळाचं वजन सांगितलं आणि त्याच दमात स्कोअरही सांगितला. ५२-७! दुसऱ्या दिवशी घटस्थापना. माझ्या मनात तर देवीच आलेली होती, आणि नर्स बाळाला निळी-पिवळी टोपी घालून मोकळी झाली.

खरी कसोटी दिवाळीत आली. धनत्रयोदशीला, १० नोव्हेंबरला, टीम पेनसिल्व्हेनियाच्या मोठ्या सामन्यासाठी विमानात असताना बातमी आली की हारबॉंना उरलेल्या तीन साखळी सामन्यांत मैदानावर यायची बंदी. प्रकरण असं, की कॉलेजच्या या खेळात तेव्हा प्रशिक्षक कडेला उभं राहून हातवाऱ्यांनी पोरांना चाल सांगायचे. पुढे ज्यांच्याशी गाठ आहे त्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून ते हातवारे टिपून आणायला बंदी आहे. मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने तेच केल्याचा आरोप होता. हारबॉ म्हणत होते, मला काही ठाऊक नाही. आमच्या घरात यावर तुंबळ वाद. जावई म्हणणार, सगळेच करतात. लेक म्हणणार, मोठ्यांच्या चुका आणि मैदानात उतरायचं पोरांनी. मला विचाराल तर कॉपी ती कॉपीच. पण उद्या पेपर आहे आणि आज गुरुजींनाच वर्गाबाहेर काढलं, अशी त्या पोरांची गत झाली होती हे खरं.

दुसऱ्या दिवशी मी चकल्या तळत होते आणि टीव्ही चालू होता. सहायक प्रशिक्षक शेरोन मूर यांनी टीम सांभाळली. उत्तरार्धात त्यांनी चेंडू फेकण्याचा नाद जवळजवळ सोडलाच. नुसतं पळायचं, पुढच्या पाचांनी अंगावर घ्यायचं, तीन-चार यार्ड मिळवायचे, पुन्हा तेच. २४-१५ ने जिंकले. मग तो धिप्पाड माणूस मुलाखत द्यायला उभा राहिला आणि ढसाढसा रडला. आपल्या प्रशिक्षकाचे आभार मानताना त्याला शब्द सुचेनात. माझा घाणा करपला, पण मी हलले नाही. पुढच्या शनिवारी मेरीलँडला हरवलं. कॉलेज फुटबॉलमध्ये हजार विजय मिळवणारं हे पहिलं विद्यापीठ.

आणि मग २५ नोव्हेंबर. ओहायोशी सामना. त्या दोन विद्यापीठांचं वैर म्हणजे आपल्याकडची भाऊबंदकी, शंभर वर्षांहून जुनी. दोघंही तोवर अपराजित. नातीचा सव्वा महिना नुकताच झालेला, लेक तिला मांडीवर घेऊन दिवाणखान्यात बसली होती. दुपारी बाराला सुरू झालं. तिसऱ्या सत्राच्या अखेरीस १७-१७ अशी बरोबरी होती आणि त्या पुढच्या पाचांमधला झॅक झिंटर खाली पडला. हा टीमच्या कर्णधारांपैकी एक. पाय गुडघ्याखाली मोडला होता. दोन्ही हाडं. लाखावर माणसं बसलेली आणि सगळीकडे चिडीचूप. टीममधली सगळी पोरं कडेहून धावत आली आणि त्याच्याभोवती गोळा झाली. गाडीवर घालून त्याला नेलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बघ. म्हणून तर मी तेव्हा..."

लेकीने मान वळवली. "म्हणून तर काय, आई?"

मैत्रिणींनो, हे सांगायला जड जातंय, पण सांगते. माझी लेक खो-खो खेळायची. नुसती खेळायची नाही, पाठलागाला उतरली की समोरच्या मुलींची पळता भुई थोडी व्हायची. बारावीत असताना तिची जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झाली, आणि पुढच्या स्पर्धेला बाहेरगावी जायचं होतं. पालकांच्या संमतीचा कागद आला. मी सही केली नाही. सगळ्यांना सांगितलं, बारावीचं वर्ष आहे. तिलाही तेच सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. आदल्या वर्षी टीममधल्या एका मुलीचा पाय मोडला होता, तीन महिने प्लास्टरमध्ये. तिच्या आईला बायका विचारायच्या, आता लग्नाचं कसं हो? ते माझ्या मनात रुतून बसलं होतं. पुढे लेकीला मार्क चांगले पडले, इंजिनीअर झाली, अमेरिकेला गेली. सगळ्यांनी मलाच शाबासकी दिली, वेळेवर खेळ बंद केलास म्हणून. तीही कधी काही बोलली नाही. मला वाटलं, विसरली.

"पाय मोडला असता तर मोडला असता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, बाळ मांडीवर होतं ना. "जुळलाही असता. टीम गेली त्या पहाटे मी पुस्तक उघडून बसले होते. तू दोनदा येऊन बघून गेलीस. एसटी साडेपाचची होती, मला माहीत होतं. पान उलटलंच नाही मी."

मी काय बोलणार? तेवढ्यात खेळ पुन्हा सुरू झाला. पहिल्याच चालीत ब्लेक कोरम चेंडू घेऊन सुटला, बावीस यार्ड थेट रेषेपलीकडे. हा कोरम आदल्या वर्षी, २०२२ च्या नोव्हेंबरात, स्वतः गुडघा दुखावून बसला होता. ऑपरेशन झालं. व्यावसायिक संघात जाऊन पैसे कमवता आले असते, पण हे एक वर्ष पुरं करायचं म्हणून तो कॉलेजातच राहिला. कॉलेजात असताना जवळच्या गावातल्या गरजू घरांना थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की वाटायचा, म्हणून तो मला आधीपासून आवडायचा. रेषा ओलांडल्यावर त्याने नाचबिच केला नाही. बोटांनी आधी सहा दाखवले, मग पाच. पासष्ट हा झिंटरच्या शर्टावरचा नंबर.

लेक रडत होती. मी बाळाला तिच्याकडून घेतलं आणि आत गेले. सामना ३०-२४ ने जिंकल्याचं मला बाहेरच्या आरड्याओरड्यावरून कळलं.

रात्री मी डिंकाचे लाडू वळत होते तर ती स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "रागाने नाही बोलले गं."

मी म्हटलं, "तो कागद अजून आहे माझ्याकडे. तुझ्या मार्कशीटच्या फायलीत. टाकवला नाही."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग एक लाडू उचलला, मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. "टाकू नकोस," म्हणाली.

पुढचं पटकन सांगते. आयोवाला २६-० ने हरवून विभागाचं विजेतेपद घेतलं. नववर्षाच्या दिवशी कॅलिफोर्नियात अलाबामाशी उपांत्य सामना झाला, तो बरोबरीत सुटून जादा वेळेत २७-२० ने जिंकला. त्या रात्री मी चक्क सोफ्यावर उभी राहिले होते, गुडघेदुखी विसरून. आणि ८ जानेवारीला ह्यूस्टनला वॉशिंग्टन विद्यापीठावर ३४-१३. पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. गावात लोक रस्त्यावर उतरले, कडाक्याच्या थंडीत. जावई ओरडून ओरडून घसा बसवून आले आणि लेकीने मला मिठी मारली, बाळासकट.

महिन्याभरात हारबॉ व्यावसायिक संघाकडे निघून गेले. कोरम आणि झिंटर दोघांनाही २०२४ च्या निवडीत व्यावसायिक संघांनी घेतलं. म्हणजे पाय जुळला हो त्याचा. त्या हातवाऱ्यांच्या प्रकरणाचा निकाल २०२५ च्या ऑगस्टमध्ये लागला. विद्यापीठाला जबर दंड झाला, विजेतेपद मात्र राहिलं. जावई अजून म्हणतात, सगळेच करतात. मी अजून म्हणते, कॉपी ती कॉपीच.

कराडला परतल्यावर पहिलं काम केलं ते कपाट उघडायचं. कागद होता. घडीवर पिवळा पडलेला, पालकांच्या सहीची ओळ कोरी. मी त्याचा फोटो काढून लेकीला पाठवला. तिने उत्तरादाखल काही लिहिलं नाही, नातीचा एक फोटो पाठवला, पालथी पडून मान वर काढलेली.

पुढच्या वर्षी, २०२४ ला, टीम अगदीच ढेपाळली. ओहायोच्या सामन्यापर्यंत पाच सामने हरलेले. ३० नोव्हेंबरला आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजता सामना सुरू झाला. लेकीने फोन टीव्हीसमोर धरून ठेवला होता आणि मी पांघरुणात. ओहायोची पोरं त्या वर्षी पुढे राष्ट्रीय विजेती ठरली, पण त्या दिवशी आपल्या पडक्या टीमने त्यांना १३-१० ने लोळवलं. मी ओरडले तशी आमचे हे दचकून उठले.

"काय झालं? कुणाचं काय?"

"काही नाही," मी म्हटलं, "झोपा तुम्ही. आपण जिंकलो."