पाठींतील सुई आणि डोक्याचें दुखणें

रुग्णाच्या पाठींतून पाणी काढावें लागेल, असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं घरांतील वडीलधाऱ्या माणसांचे चेहरे उतरतात. माणूस पांगळा होईल, ही भीति आपल्या समाजांत खोल रुजली आहे. वस्तुतः सुई टोंचतात ती कमरेच्या मणक्यांमध्यें, मज्जारज्जु जेथें संपतो त्याच्याहि खालीं; त्यामुळें तशी इजा फार विरळा. मात्र या सुईमागून खरोखर येणारा जो त्रास, त्या डोकेदुखीविषयीं घरांत कोणी चकार शब्द काढीत नाहीं. आज तिचाच थोडा विचार करूं. मी वैद्य नव्हें. मुलांना पदार्थविज्ञान शिकविण्यांत आयुष्य गेलेला एक मास्तर आहें. परंतु या दुखण्याचें मूळ पदार्थविज्ञानांतच आहे.

विहिरींतून पाणी शेंदणाराला एक अनुभव नेहमींचा असतो. भरलेली घागर पाण्यांत बुडालेली असते तोंपर्यंत हलकी लागते. पाण्याबाहेर आली कीं हाताला ओढ बसते. आपला मेंदूहि असाच पाण्यांत आहे. त्याचें वजन सुमारें १४०० ग्रॅम. पण भोंवतालच्या द्रवांत तो तरंगत असल्यामुळें त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतका उरतो. हा द्रव मेंदूभोंवतीं आणि कण्यांतील पिशवींत मिळून अवघा १५० मिलिलिटर असतो. शरीर रोज सुमारें ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार करतें. म्हणून तपासणीसाठीं काढलेले दोन-चार चमचे लवकरच भरून येतात. दुखण्याचें खरें कारण सुईमागें त्या पिशवीला राहिलेलें भोंक हें होय. पखालीला कांटा लागावा, तसा त्यांतून द्रव झिरपत राहतो. मग मनुष्य उठून बसला कीं मेंदूचा आधार कमी पडतो, तो खालीं ओढला जातो, वेष्टनांवर ताण येतो आणि रक्तवाहिन्या फुगतात. आडवें झालें कीं ओढ थांबते आणि दुखणेंहि थांबतें.

हें स्वतःच्या देहावर अनुभवून लिहून ठेवणारा पुरुष म्हणजे जर्मन शस्त्रवैद्य ऑगुस्ट बीअर. पाठींतून पाणी काढण्याची रीत क्विंके यानें कील येथें १८९१ सालीं प्रचारांत आणली होती. त्याच गांवीं, ऑगस्ट १८९८ मध्यें, पाठींत कोकेन घालून कमरेखालचा भाग बधिर करण्याचा प्रयोग बीअरनें आपला सहायक हिल्डेब्रांट याच्याकडून स्वतःवर करविला. पिचकारी सुईला नीट बसेना आणि बराच द्रव वाहून गेला. मग बीअरनें हिल्डेब्रांटला टोंचलें. नडगीवर हातोड्याचे घाव घातले तरी त्याला वेदना झाली नाहीं! प्रयोग साधला, पण दोघांचींहि डोकीं दुखूं लागलीं. बीअर नऊ दिवस अंथरुणास खिळला. निजलें कीं बरें, उठलें कीं पुन्हां त्रास, असा क्रम त्यानें नोंदविला.

आज सिझेरियनच्या वेळीं पाठींत देतात ती भूल याच प्रयोगाची संतति होय, आणि हा त्रासहि तरुण बाळंतिणींनाच अधिक होतो. बहुधा पांच दिवसांच्या आंत तो सुरू होतो. कपाळ आणि मानेची मागची बाजू ठणकते, मळमळतें, कधीं कानांत आवाज येतो. घरांत मात्र त्याला जागरण, पित्त, अशक्तपणा अशीं नांवें मिळतात. बिचारीला बाळ मांडीवर घेऊन बसवत नाहीं; आणि निजून राहिली तर ती आळशी ठरते. हा अन्याय केवळ अज्ञानापोटीं होतो.

टोंक पेन्सिलीसारखें असलेली बारीक सुई वापरल्यास हा त्रास पुष्कळच टळतो; अशी सुई अमेरिकेंत व्हिटेकर आणि हार्ट यांनीं १९५१ सालीं पुढें आणली. रुग्णाला उशीवांचून उताणें निजवून ठेवण्याच्या जुन्या रीतीनें मात्र तो टळत नाहीं. कॉफीनें रक्तवाहिन्या आकुंचन पावून घटकाभर आराम पडतो. बहुतेकांचें भोंक एक-दोन आठवड्यांत आपोआप मिटतें. न मिटल्यास दुखणें महिनोन् महिने रेंगाळूं शकतें, आणि तोंवर सुईची आठवणहि पुसून गेलेली असते. यावर उपाय आहे. सुई टोंचतांना रक्त आलेल्या रुग्णांचीं डोकीं कमी दुखतात, हें गॉर्मली या अमेरिकन डॉक्टरनें हेरलें आणि १९६० सालीं रक्ताचेंच ठिगळ लावण्याची युक्ति प्रसिद्ध केली. आतां रुग्णाच्याच हातांतील सुमारें २० मिलिलिटर रक्त काढून पिशवीबाहेरच्या पोकळींत सोडतात. तें गोठून भोंक बुजवितें. बहुतेकांना यानें गुण येतो. कांहींना तें दुसऱ्यांदा करावें लागतें.

परंतु ताप, मान ताठरणें, झटके, एकाच्या दोन वस्तु दिसणें, किंवा पूर्वीं निजल्यानें थांबणारें दुखणें आतां निजूनहि न थांबणें, यांपैकीं कांहींहि आढळल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. मेंदूभोंवतीं रक्त सांकळलें असण्याचा अथवा शिरेंत गुठळी झाल्याचा तो इशारा असूं शकतो.

श्रोतेहो, डोकेदुखीच्या धास्तीनें पाठीचें पाणी काढूं न देणें हा मात्र घातक शहाणपणा होय. मेंदूज्वराची शंका असतांना त्या तपासणीवर प्राण अवलंबून असतात. सुईला नकार न देतां तिची तारीख लिहून ठेवावी, आणि पुढें डोकें दुखूं लागलें तर रुग्णाला एवढेंच विचारावें, “उठल्यावर दुखतें कीं निजल्यावर?” उत्तर ‘उठल्यावर’ असें आलें, तर तें त्या तारखेसह डॉक्टरांच्या कानीं घालावें.